छप्पन्न किलो पाचशे

१२ फेब्रुवारी

ताई,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज पाठवला तर वाचल्याची खूण येते आणि पुढे सामसूम. म्हणून पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीमागच्या बाईंनी दोनदा विचारलं, "पत्रच पाठवायचंय ना?" मी म्हटलं, हो, बहिणीला. त्या म्हणाल्या, मग जास्तीचं तिकीट लावा, वजन भरेल. मी निमूट लावलं.

आईला जाऊन अकरा महिने होत आले. एवढ्या दिवसांत आपण दोघं मिळून दहा वाक्यं बोललो असू, आणि त्यातली सहा घराच्या किल्लीबद्दल.

लिहायला निमित्त असं झालं. आमच्या ऑफिसात नवीन सात जण घेतलेत आणि त्यांना शिकवायला मला फळ्यासमोर उभं केलंय. विषय माझा नेहमीचाच, सरकती सरासरी. तुला तो पाठ आहे. आईच्या आजारपणात मी तुझं डोकं काही कमी खाल्लं नाही. तरी पुन्हा सांगतो, कारण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही हे तू जाणतेस. शहराला रोज किती वीज लागली याचा आकडा आमच्याकडे येतो. तो रोज उड्या मारतो. सुट्टीला कारखाने बंद, की आकडा धाडकन खाली. एखाद्या दिवशी उकाडा वाढला, की वर. रोजच्या आकड्यावर भरवसा ठेवणारा माणूस आठवड्यातून तीनदा घाबरेल आणि चारदा उगाच खूश होईल. म्हणून आजचा आणि मागच्या सहा दिवसांचा आकडा मिळवायचा आणि सातने भागायचं. उद्या सगळ्यांत जुना आकडा सोडून द्यायचा, नवा घ्यायचा, पुन्हा भागायचं. अशी रोज एक-एक पाऊल सरकणारी सरासरी काढली की उड्या विरतात आणि एक शांत रेघ उरते. मागणी खरोखर वाढतेय की नुसती चुळबुळ चाललीय, ते ती रेघ सांगते.

हे सगळं मी झोकात सांगितलं. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, रेघ वळलेली दिसते तेव्हा खरं वळण आधीच होऊन गेलेलं असतं ना? मग मधल्या दिवसांत काय करायचं?"

मी म्हटलं, धीर धरायचा. वर्ग हसला, तास पुढे गेला. मी मात्र त्या प्रश्नापाशीच उभा राहिलो.

ताई, सरासरी उशिराच वळते. तो तिचा स्वभाव आहे, त्यात कुणाचा दोष नाही. आईच्या बाबतीत तेच झालं, रेघ उशिरा बोलली. एवढंच सांगायला हे लिहिलं. माझ्यावर राग असेल तर तो रास्त आहे, पण आता जरा कमी कर.

तुझा,
शहाणोबा


२० फेब्रुवारी

ताई,

पत्र पोचलं असणार. उत्तर नाही. ठीक आहे, लिहायचा रोग मला आहे, वाचायची सक्ती तुला का?

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि घरी येताना वाटलं, हे बहिणीला लिहिलेलं पत्र होतं की वरिष्ठांना दिलेला खुलासा? दोष कुणाचाच नाही, असं जो आपण होऊन सांगतो, त्याला आम्ही ऑफिसात पहिला धरतो. म्हणून आज पहिल्यापासून लिहितो.

आईचं हृदय थकलंय असं डॉक्टर म्हणाले तेव्हा त्यांनी एक कार्ड दिलं होतं. तू ते फ्रिजच्या दारावर चिकटवलंस. रोज सकाळी उपाशीपोटी वजन घ्या. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ताबडतोब या. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला कळतं, असं त्यांनी समजावलं होतं. तेव्हापासून तू रोज कामावर जाण्याआधी आईला काट्यावर उभी करायचीस आणि मला फोन करून आकडा सांगायचीस. मी तो इथे लिहून घ्यायचो. वाटणीच तशी झाली होती. अंगमेहनत तुझी, अक्कल माझी.

दुसऱ्याच आठवड्यात आकडा चोपन्नवरून पंचावन्नच्या जवळ गेला आणि मी फोनवर आकांत केला, आत्ताच्या आत्ता घेऊन जा म्हणून. कार्डावर दोन किलो लिहिलं होतं, इथे एकही नव्हता, पण मला कुठला दम? तू रजा टाकलीस. आई पाच तास दवाखान्याच्या बाकावर बसली. निघालं काहीच नाही. घरी आल्यावर ती तुला म्हणाली, "मला काट्यावर चढवता की सुळावर?" तू हसत हसत मला सांगितलंस, पण दमलेली होतीस.

म्हणून मी सरासरी आणली. खरंच, चांगल्या हेतूने आणली. सात दिवसांची रेघ काढून तुझ्या फोनवर पाठवायला लागलो. आईला ती फार आवडली. "आज माझी रेघ कशी आहे रे?" असं विचारायची. सरळ आहे म्हटलं की दोन घास जास्त जेवायची. हे तूच सांगितलंस.

पुढे मी सातच्या जागी तीस दिवसांची केली. तुला सांगितलं, सातची अजून चुळबुळते, तीसची शांत असते, तुझ्याच जिवाला स्वस्थता. ते खरं होतं. पुरतं खरं नव्हतं. फेब्रुवारीत महिनाभर येऊन आईला मी बघणार आणि तुला सुट्टी देणार, असं ठरलं होतं. मग मी मार्च म्हणालो. मार्च लागल्यावर एप्रिल म्हणालो. ऑफिसात नवीन विभाग निघत होता आणि त्याचा प्रमुख कोण, ते त्याच दिवसांत ठरायचं होतं. रेघ सरळ असली की माझं इथे असणं शहाणपणाचं ठरत होतं. ती मुद्दाम सपाट केली असं मी म्हणणार नाही. पण सपाट आहे याचा मला आनंद व्हायचा, आणि तो आईच्या तब्येतीचाच होता असं आता छातीठोक सांगता येत नाही.

शेवटच्या सकाळच्या आकड्याबद्दल लिहिणार होतो. पण त्यात लिहिण्यासारखं विशेष काही नाही.

तुझा,
शहाणोबा


३ मार्च

ताई,

काल भाऊजींचा फोन आला. भाऊजी आपण होऊन फोन करतात म्हणजे घराला आग लागलेली असणार, अशी आपल्याकडे समजूत. मी "काय झालं?" असंच विचारलं.

ते म्हणाले, "तुझी दोन्ही पत्रं आली. ती उघडत नाहीये. कपाटात ठेवलीत."

मी म्हटलं, "राग आहे तिचा. असू दे."

ते म्हणाले, "राग? अरे, ती तुझ्यावर रागावलेली नाही. तिला तुझ्यासमोर यायची लाज वाटते."

मला काही समजेना. मग त्यांनी सांगितलं. वर्षभरात ते माझ्याशी एवढं बोलले नसतील. तू कापड बेतणं सोडलंस म्हणे. सव्वीस वर्षं त्या शिलाईच्या दुकानात सगळ्यांत महागाचं कापड तुझ्याच टेबलावर यायचं, कारण तू एकदा टेप लावलीस की दुसऱ्यांदा बघायची गरज नसायची. आता तू तिथेच कोपऱ्यात बसून काज-बटणं करतेस. आधी प्रत्येक माप तीनदा घ्यायला लागलीस, मग पाचदा, मग दुसऱ्या कुणाला तरी बोलावून बघायला सांगायचीस, आणि एक दिवस कात्री ठेवून दिलीस. मालकीणबाईंनी विचारलं तर म्हणालीस, "माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. मी एक आकडा चुकीचा वाचला आणि माझी आई गेली."

भाऊजी म्हणाले, "मी तिला सांगून थकलो. ती म्हणते, त्याला विचारा, सगळे आकडे त्याच्याकडे आहेत."

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. ताई, हे मी तसंच लिहितोय. भाऊजी एवढं सगळं बोलले आणि मी नुसतं बरं म्हणालो.

सकाळपासून हे पत्र चौथ्यांदा लिहितोय. पहिल्या तीनमध्ये "चुका माणसांकडून होतात" असं एक वाक्य होतं. ते दर वेळी तुझ्याकडे बोट दाखवत होतं, म्हणून फाडली.

आज पाठवत नाही. पुढचं लिहून झालं की दोन्ही एकदम पाठवीन, आणि तुझ्या नावाने नाही, भाऊजींच्या नावाने. त्यांनी उघडावं आणि तुला वाचून दाखवावं.


५ मार्च

भाऊजी, कृपा करून हे मोठ्याने वाचा.

ताई,

तुझा आकडा बरोबर होता.

आधी हे एकदा नीट ऐक. छप्पन्न किलो पाचशे. तू बरोबर वाचलंस, बरोबर सांगितलंस, आणि वेळेवर सांगितलंस.

आता बाकीचं. त्याआधीचे तीन आकडे होते चोपन्न तीनशे, पंचावन्न शंभर, पंचावन्न सातशे. तुझ्या चारही नोंदी एका चढावर आहेत, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. त्या सकाळी तू फोन केलास आणि म्हणालीस, "अरे, आज छप्पन्न पाचशे आलंय. पायाला सूज वाटतेय, बोटाने दाबलं की खळगा राहतो. नेऊ का?" मला शब्दन् शब्द आठवतो. तू विचारत होतीस, पण मनात तुझं ठरलं होतं.

मी विचारलं, "शाल काढली होतीस का?" तू म्हणालीस, काढली होती. मी विचारलं, "चष्मा लावला होतास?" तू जरा थबकलीस. मी ती फट पकडली. म्हटलं, "एका आकड्यावर धावायचं नाही, मागच्या वेळी काय झालं आठवतं ना? सरासरी बघून सांगतो."

आणि मी बघितली. माझ्याकडे दोन रेघा होत्या. तुला मी फक्त तीस दिवसांची काळी पाठवायचो. सातची लाल मी स्वतःसाठी ठेवली होती. जवळची सरासरी लांबच्या सरासरीला ओलांडून वर गेली की वारं फिरलं असं समजायचं, हे मी त्या सात पोरांना पहिल्याच तासाला शिकवलं. लाल रेघ आदल्या दिवशीच काळीच्या वर गेली होती. त्या सकाळी ती आणखी वर गेली. मी ती माझ्या डोळ्यांनी बघितली, ताई. रेघ उशिरा बोलली असं पहिल्या पत्रात लिहिलं, ते खोटं आहे. काळी उशिरा बोलली. लाल वेळेवर बोलत होती आणि मी ती बंद करून ठेवली.

दुपारी माझी वरच्या साहेबांपुढे मुलाखत होती. वजन खरंच वाढलं असतं तर मला निघावं लागलं असतं.

आमच्याकडे एक पद्धत आहे. एखाद्या केंद्राचा मीटर बिघडून वेडावाकडा आकडा आला तर तो खोडायचा, त्या जागी सरासरी लिहायची आणि शेजारी एक चांदणी काढायची. चांदणी अशासाठी की पुढे कुणी बघितलं तर त्याला कळावं, हा आकडा मोजलेला नाही, आपण घातलेला आहे. मी छप्पन्न पाचशे खोडले आणि चोपन्न तीनशे लिहिले. चांदणी काढली नाही. मग तुला काळी रेघ पाठवली आणि खाली लिहिलं, "सरळ आहे. काळजी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गेली.

मी पोचलो तेव्हा डॉक्टर दवाखान्याच्या व्हरांड्यात उभे होते. त्यांनी विचारलं, "वजन वाढलं नव्हतं? मी कार्डावर लिहून दिलं होतं." तू माझ्या शेजारी आईची पिशवी धरून उभी होतीस. मी फोन काढला, त्यांना काळी रेघ दाखवली आणि म्हणालो, "एक आकडा वेगळा आला होता, पण तो मोजण्यातली चूक असावी." आणि तू खाली बघून म्हणालीस, "मी बहुतेक चष्मा लावला नव्हता."

ते तू मला वाचवायला म्हणालीस की खरंच तसं वाटलं म्हणून, ते मला तेव्हा कळलं नाही. मी विचारलंही नाही. मला तुझं ते वाक्य हवं होतं. ते मिळालं आणि मी ते अकरा महिने जपून ठेवलं. तू फोन उचलेनाशी झालीस तेव्हा मला हायसंच वाटलं. म्हटलं, रागावलीय, म्हणजे तिला मनातून खरं काय ते ठाऊक आहे, आता मी सांगायची गरज नाही. तू स्वतःलाच खात असशील हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. आलं नाही, की येऊ दिलं नाही, ते देव जाणे.

सोबत तुझे सगळे आकडे लिहून पाठवतोय, जसे तू सांगितलेस तसे. आईच्या आजारपणाचे सगळे दिवस. एकाही दिवशी तुझी नोंद चुकलेली नाही. एक आकडा चुकीचा आहे तो माझ्याकडच्या नोंदीत, माझ्या हातचा आहे, त्याला आज तिथे चांदणी काढलीय. डॉक्टरांनाही वेगळं पत्र टाकलंय. हा कागद मालकीणबाईंना दाखव, शेजारीपाजारी दाखव, माझी काही हरकत नाही. क्षमा मागत नाही, कारण ती मागितली की तू देऊन टाकशील. तुझी सवय मला माहीत आहे.

कात्री हातात घे, एवढंच.

तुझा भाऊ


१६ मार्च

पत्र मिळालं. ह्यांनी वाचून दाखवलं. मध्ये एकदा त्यांना थांबावं लागलं, मग मी हातातून घेतलं आणि स्वतःच वाचलं, चष्मा लावून.

तुझे आकडे माझ्या वहीशी पडताळले. सगळे जुळतात. वही माझ्याकडे आहे हे तुला माहीत नव्हतं. वर्षभर मी ती उघडली नाही, कारण त्या दिवशी मी काय लिहिलंय ते बघायची मला भीती वाटत होती. छप्पन्न पाचशेच लिहिलंय, स्वच्छ अक्षरात. मी त्या सकाळी आईला दोनदा काट्यावर उभं केलं होतं आणि दोन्ही वेळा तेच आलं होतं. तसं खाली लिहूनही ठेवलंय. तू चष्म्याचं विचारल्यावर तेसुद्धा माझ्या मनातून पुसलं गेलं. तुझ्यावर माझा इतका विश्वास होता.

दुकानात गेले होते. अजून टेबलाशी उभी राहिलेली नाही. बघू.

मी रागावले नव्हते, हे ह्यांनी तुला खरं सांगितलं. आता रागावले आहे. चांगलीच रागावले आहे, आणि खूप दिवसांनी अंगात बळ आल्यासारखं वाटतंय. तू येतो म्हणशील. येऊ नकोस. बोलवावंसं वाटलं तर मी बोलावीन, तोवर पत्र पाठवलंस तरी चालेल. उत्तराची वाट बघू नकोस.

एक गोष्ट मी तुला सांगितली नव्हती. चूक माझी आहे असं वाटत होतं, मग तुझ्या जिवाला कशाला घोर, म्हणून गप्प राहिले. आता सांगते.

त्या सकाळी तुला फोन करायच्या आधीच मी गाडी बोलावली होती. ती दाराशी उभी होती. आई साडी बदलून खुर्चीत बसली होती. पाय सुजले होते, तिची चप्पल जाईना, म्हणून मी तिला माझी घातली. तेवढ्यात तुझी रेघ आली. तिने विचारलं, "काय म्हणतो?" मी म्हटलं, सरळ आहे म्हणतो, काळजी नको म्हणतो. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. म्हणाली, "मग कशाला त्रास? तो म्हणतोय ना."

मी गाडी परत पाठवली आणि खाली बसून तिच्या पायातली चप्पल काढली.

ताई